धाकू भाटकराचा फळा

रत्नागिरीहून निघालेली एसटी भाट्याचा पूल ओलांडून आत वळली, की थोड्या वेळाने खालच्या वाडीचा थांबा लागतो. थांब्याला छप्पर आहे, खाली जांभ्याचं बाक आहे आणि बाकावर बसणाऱ्याच्या डोक्यामागे एक काळा फळा आहे. त्या फळ्यावर रोज सकाळी धाकू भाटकर राजकारणातल्या एका शब्दाचा अर्थ लिहितो. लोक गाडीची वाट बघत तो वाचतात, आणि कोणी हसतं, कोणी थुंकतं. कोणी हसायचं आणि कोणी थुंकायचं ते ज्याच्या त्याच्या पक्षावर अवलंबून.

धाकू एसटीच्या डेपोत पेंटर होता. आयुष्यभर त्याने गाड्यांच्या पाट्या रंगवल्या. त्याच्या अक्षराच्या भरवशावर निम्मा जिल्हा योग्य गाडीत बसला. निवृत्त झाल्यावर लोक कलमं लावतात, नाहीतर रक्तातली साखर मोजत बसतात. धाकूने फळा लावला. मोडीत निघालेली जयगड मार्गाची एक पाटी डेपोच्या साहेबांना रीतसर विचारून त्याने घरी आणली, तिला काळा रंग दिला आणि थांब्याच्या भिंतीला ठोकली.

वाडीत दोन पक्ष. एकाची निशाणी होडी, दुसऱ्याची रहाट. निम्मी घरं होडीची, निम्मी रहाटाची, आणि दोन्हीकडची काही जेवण कुठे आहे ते बघून ठरवणारी. धाकू जन्माचा होडीवाला. त्यामुळे त्याच्या फळ्यावरचा प्रत्येक शब्द शेवटी रहाटवाल्यांच्याच डोक्यावर जाऊन आदळायचा.

‘घराणेशाही : रहाटवाल्यांच्या घरी पाळणा हलला, की जाहीर होणारी उमेदवारी.’

‘पाहणी दौरा : रहाटाच्या साहेबांनी गाडीची काच खाली करणे. पाऊस असल्यास न करणे.’

‘विकास : होडीच्या काळात झालेला रस्ता. रहाटाच्या काळात त्याला पडलेला खड्डा.’

धाकू माणूस प्रामाणिक. खोटं कधी लिहायचा नाही, फक्त अर्धंच लिहायचा. उरलेलं अर्धं लिहायला गोदूबाई होत्या.

गोदूबाई म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बोटीवर खलाशी होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धाकूचीही बायको गेली, मुलगी लांज्याला दिलेली. घर एकच, मधे भिंत, पुढची दारं दोन, पण मागीलदार सामायिक. चूल म्हणाल तर खरी एकच पेटायची, गोदूबाईंची. धाकू सकाळ-संध्याकाळ मागच्या बाजूने ताट घेऊन जायचा आणि घासून परत आणून ठेवायचा. गोदूबाई माहेरहून हंडा-कळशीबरोबर पक्षही घेऊन आलेल्या. त्यांचा पक्ष रहाट. शिक्षण सातवी. आमसुलं, कडवे वाल, अळू, जे मिळेल ते पाटीत भरून त्या रत्नागिरीच्या बाजारात जायच्या. थांब्यावर आल्या की पाटी खाली ठेवायची, फळा वाचायचा, रस्त्याकडेचा जांभ्याचा एक तुकडा उचलायचा आणि धाकूच्या पांढऱ्या रेखीव अक्षरांखाली तांबडं वाकडंतिकडं उत्तर लिहायचं, हा त्यांचा रिवाज.

विकासाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘रस्ता एकच आहे.’

घराणेशाहीखाली लिहिलं होतं, ‘तुमच्या पाळण्यात काय कलिंगडं निजतात?’

त्या दिवशी संध्याकाळी ताट घ्यायला आलेल्या धाकूने विचारलं, “वैनी, फळ्यावर काय लिवलंत?”

“खरं ते लिवलं.”

“माझ्या फळ्यावर?”

“तुझ्या आमटीत मीठ कोणाचं असतं?” गोदूबाई म्हणाल्या. धाकू ताट घेऊन गेला.

असं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. बिघडलं ते साकवावरून.

थांबा आणि वाडी यांच्यामध्ये ओढ्यासारखा एक पऱ्या आहे. एरवी त्यात दगडच दगड, पाणी घोट्याला लागेल न लागेल. पण पावसाळ्यात तो पऱ्या असा काही फुगतो की बघवत नाही. पूर्वी दर वर्षी पावसाच्या आधी वाडी मिळून त्यावर लाकडाचा साकव घालायची. कोणाचा तरी वठलेला माड, कोणाच्या पोफळी, कोणाचे बांबू. घरटी एक माणूस. साकव एक-दोन पावसाळे टिकायचा, मग वाहून जायचा, मग पुन्हा घालायचा. त्यात कोणाला विशेष काही वाटत नव्हतं.

मग एका निवडणुकीला रहाटाचे साहेब आले आणि पक्क्या पुलाचा नारळ फोडून गेले. वाडीने विचार केला, आता पक्का येणार तर कच्चा कशाला? त्या वर्षी कोणी बांबू तोडला नाही. पक्का आला नाही आणि कच्चा वाहून गेला. पुढच्या निवडणुकीला होडीचे साहेब आले, त्यांनीही नारळ फोडला, त्याच दगडावर. वाडी पुन्हा वाट बघत बसली. शहाणी माणसं नारळ फुटल्यावर खोबरं खातात. या वाडीने करवंटीकडे बघत वर्षं काढली. पावसाळ्यात सगळे वरच्या वाडीच्या पाखाडीने, शेवाळलेल्या पायऱ्या चढत-उतरत, वळसा घालून थांब्यावर यायचे. नाहीतर जीव मुठीत धरून पऱ्यातल्या दगडांवरून.

गेल्या आषाढात गोदूबाई दगडांवरून आल्या. पाटी वाहून गेली, त्या वाचल्या. उजवं मनगट मोडलं.

मुंबईहून त्यांचा मुलगा दीपक धावत आला. नालासोपाऱ्याला त्याचं दोन खोल्यांचं घर. तेव्हा त्याने काही म्हटलं नाही. शिमग्याला आला तेव्हा मात्र येतानाच आईचं तिकीट काढून आला.

शिमग्यात वाडी भरलेली असते. देवीची पालखी घरोघर फिरते आणि तिला खांदा द्यायला मुंबईचा एकूण एक पुरुष हजर असतो. पालखी देवळातून निघाली की परत सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत गावात पक्ष नाही, असा जुना दंडक आहे. गळ्यात निशाणीचा पट्टा घालून कोणी पालखीला हात लावायचा नाही. होडीचा गौरव आणि रहाटाचा रितेश, एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे दोघे तरणे पुढारी, एकाच दांड्याखाली घामाघूम होऊन पालखी नाचवतात. शिमगा सरला की पुन्हा तोंडं फिरवतात.

पालखी गोदूबाईंच्या अंगणात आली. त्यांनी डाव्या हाताने ओटी भरली. उजवा अजून नीट वळत नव्हता. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आये, पुढच्या साली ओटी भरायला मी इथं नसेन. राग धरू नको.”

ढोल चालूच होते. धाकू तुळशीपाशी उभा होता. त्याला नीट ऐकू आलं.

दुपारी तो मागीलदारी गेला. दीपक खाटेवर पडला होता, गोदूबाई काळे वाटाणे निवडत होत्या.

“कधी निघताय?” धाकूने विचारलं.

“पालखी सहाणेवर गेली की,” दीपक म्हणाला. “काका, मला हौस नाही. पण हिला पुन्हा त्या पऱ्यात पडू देऊ? या वेळी मनगट, पुढच्या वेळी कंबर. तिथे लिफ्ट आहे, घरात नळ आहे, खाली उतरलं की दुकान.”

“बरोबर हाय त्याचं,” गोदूबाई म्हणाल्या. वाटाण्यांवरून नजर उचलली नाही.

“तिथं रहाटवाले असतील तुमचे,” धाकू म्हणाला.

“असतील. पण होडीवाला कोण देईल मना? मी भांडू कोणाशी, लिफ्टशी?”

धाकू पायरीवर बसला. “आणि पावसाच्या आधी साकव झाला तर?”

दीपक उठून बसला. “साकव झाला तर मी तिला हात धरून नेणार नाही. पण काका, नारळ फोडलेला चालणार नाही. मी स्वतः पाय टाकून पलीकडे जाईन, मग बोलू.”

“घालायचा कोणी?” गोदूबाई म्हणाल्या. “सहा वर्षांमागं मी घरोघर फिरले होते ना? आठवतं? होडीची माणसंदेखील येतो म्हणाली होती. आणि सकाळी तू फळ्यावर लिवलंस.”

धाकूला आठवत होतं. तेव्हा सत्ता रहाटाची होती. त्याने लिहिलं होतं, ‘श्रमदान : सत्ता रहाटवाल्यांची, घाम होडीवाल्यांचा.’ वाडीभर ते वाक्य फिरलं होतं. रत्नागिरीत, अगदी मिरकरवाड्याच्या बंदरावर कोणीतरी ते म्हणून दाखवलं, असं त्याच्या कानावर आलं आणि तो दोन दिवस जमिनीवर नव्हता. होडीच्या घरांतून त्या सकाळी एक माणूस पऱ्यावर आला नाही. मग रहाटवाले तरी एकटे का राबतील?

“तुमी तेव्हा काय बोलला नाय,” तो म्हणाला.

“काय बोलणार? मी पण हसले होते. चांगलं होतं ते.” गोदूबाईंनी सूप झटकलं. “चांगलं होतं म्हणूनच घात झाला. वाईट लिवलं असतंस तर साकव झाला असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू थांब्यावर गेला. फळा ओल्या फडक्याने पुसला. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘श्रमदान’. पुढे दोन टिंबं दिली. आणि थांबला.

शब्द सुचायला त्याला कधी वेळ लागत नसे. ‘रहाटवाल्यांच्या’ एवढं लिहिलं की पुढचं आपोआप हाताखाली यायचं. आज ते लिहायचं नव्हतं. त्याने लिहिलं, ‘सर्वांनी मिळून’. ते सरकारी वाटलं. पुसलं. ‘गावासाठी’ लिहिलं. ते शाळेच्या भिंतीवरचं वाटलं. तेही पुसलं. ज्याने आयुष्यभर टपल्या मारल्या त्याला पाठ थोपटायला हात वळेना.

गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा. “काय काका, शब्द संपले की काय आज?”

“जा तू. उशीर झालाय तुला,” धाकू म्हणाला.

गाडी गेली आणि गौरवची मोटारसायकल येऊन थांबली. साकवाची बातमी त्याच्याकडे आधीच पोचली असणार. हल्ली बातमी माणसाच्या पुढे पळते.

“काका, हे काय चालवलंय? दीपकदादा सांगत होता, साकव घालताय.”

“घालूया म्हणतो.”

“आता? निवडणूक तोंडावर आलीय. पक्क्या पुलाचा नारळ आपल्या साहेबांनी फोडलाय. आपणच लाकडाचा साकव घातला तर लोक काय म्हणतील? आपली सत्ता असून आपणच राबतोय?”

“आपलीच सत्ता हाय ना? मग पूल आण. मी खडू खाली ठेवतो.”

गौरव जरा चुळबुळला. “प्रस्ताव गेलाय वर.”

“‘प्रस्ताव’ मी लिवलाय या फळ्यावर. रहाटवाल्यांचा होता तेव्हा. वाचून दाखवू? ‘वर गेलेला माणूस आणि वर गेलेला प्रस्ताव परत येत नाही.’ तूच हसला होतास.”

“मग मला साहेबांना सांगावं लागेल. हा फळा पक्षाचा आहे काका.”

“फळा एसटीचा हाय,” धाकू म्हणाला. “खरवडून बघ. आत जयगड लागेल.”

एवढ्यात पऱ्याच्या कोरड्या दगडांवरून गोदूबाई आल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, दोन टिंबांपुढच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, वाकून जांभ्याचा तुकडा उचलला आणि डाव्या हाताने, नेहमीपेक्षाही वाकड्या अक्षरात लिहिलं, ‘आधी या. अर्थ मागाहून लिहू.’

मग गौरवकडे वळल्या. “तुझ्या आईला दगडांवरून जमत नाय. काल पाखाडीवरून येताना बसली दोन ठिकाणी. सांगितलंन का तुला?”

“नाही.”

“नाय सांगणार. तू मोठा माणूस.”

“गोदूकाकी, तसं नाही. पण पक्षाच्या नावावर मी हे—”

“पालखी अजून बाहेर हाय,” धाकू मधेच म्हणाला. “सहाणेवर बसेपर्यंत गावात पक्ष नाय. काल तू आणि रितेश एका दांड्याखाली होतात, तेव्हा साहेबांना विचारलं होतंस?”

“पालखीचं वेगळं.”

“मग पालखीचीच वाट करतोय म्हण,” गोदूबाई म्हणाल्या. “दर साली देवीला दगडांवरून ठेचकाळत नेताव. साहेब काय देवीला नोटीस काढणार?”

गौरव मागे वळला. मोटारसायकल चालू केली आणि गेला. जाताना फळ्याचा फोटो काढला, तो कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक.

गोदूबाईंच्या ओळीखाली धाकूने आपल्या एसटीच्या अक्षरात भर घातली, ‘उद्या सकाळी, पऱ्यावर. माड भाटकरांचा. न्याहारी गोदूवैनींकडे.’

“माड कुठचा?” गोदूबाईंनी विचारलं.

“बांधावरचा.”

तो माड सामायिक. दोघा भावांनी मिळून लावलेला, आता वठत आलेला. उंची मात्र अशी की वर बघताना टोपी पडावी. आणि गंमत म्हणजे दोन्ही साहेबांनी फोडलेले दोन्ही नारळ त्याच माडाचे होते. पहिला गोदूबाईंनी दिला होता, दुसरा धाकूने, दोघांनीही छाती फुगवून.

गोदूबाईंनी हातातला तुकडा खाली टाकला. मग म्हणाल्या, “नारळ दोनदा फोडून काय झालं नाय. आता माडच आडवा कर.”

सकाळी माणसं आली. किती येतील याची धाकूला रात्रभर धास्ती होती. आली ती मात्र विचित्र आली. रहाटवाले वाडीच्या काठावर उभे राहिले, होडीवाले पऱ्या ओलांडून रस्त्याच्या काठावर. कोणी कोणात मिसळेना. मुंबईहून आलेले, तिथे एकाच चाळीत राहणारे दोघेदेखील दोन काठांवर. धाकूला वाटलं, झालं, आता भाषणं सुरू होतील.

पण साकवाचं काम मोठं सोयीचं. माडाचा सोट ढकलायला एका काठावर माणसं लागतात आणि ओढून घ्यायला दुसऱ्या. नारळ पाडणारा बाबल्या माडावर चढला, त्याने शेंड्याला दोर बांधला, खालून कुऱ्हाडी चालल्या आणि माड बरोबर हवा तिथे पडला. त्याचे तीन सोट निघाले. पहिला सोट वाडीकडून ढकलला गेला आणि मधोमध अडकला.

“ओढा की रे,” रितेश इकडून म्हणाला.

“ढकला की आधी,” पलीकडून उत्तर आलं.

“आमी ढकलतोच हाव. तुमी होडीवाले वल्ही मारताय काय?”

“रहाटवाल्यांनी नुसतंच फिरवायचं. पाणी कधी वर यायचं नाय.”

दोन्ही काठ हसले. बाबल्या मधे पाण्यात उभा होता, तो ओरडला, “सोट माझ्या पायावर आला तर दोनी पक्षांना मी मत देणार नाय.” आणि सोट हलला.

दुसऱ्या सोटाच्या वेळी रस्त्याकडे एक खांदा कमी पडायला लागला. गौरव केव्हा आला होता कोणी पाहिलं नाही. छपराखाली उभा राहून तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्याने फोन खिशात टाकला, पट्टा काढून त्याच खिशात कोंबला आणि दोराला हात घातला. पलीकडे रितेश होताच. पालखीत सवय झालेली, दोघांचा ताल बरोबर जमला.

न्याहारीला घावणे आणि वाटाण्याची उसळ होती. गोदूबाई एका हाताने घावणे उलटत होत्या आणि दोन्ही पक्षांना सारख्याच शिव्या घालत होत्या. धाकूला कोणी काम सांगितलं नाही, वयामुळे. तो बांबूच्या कामट्या मोजून देत होता आणि कठड्याच्या गाठी ओढून बघत होता.

पालखी सहाणेवर जाण्याआधी साकव उभा राहिला. तीन सोट शेजारी शेजारी, वर कामट्या, दोन्ही बाजूंना कठडा, टोकांना जांभ्याचे चिरे. चार-पाच पावसाळे काढील, बाबल्या म्हणाला. मग पुन्हा घालू. यात काही विशेष आहे असं त्याच्या बोलण्यात नव्हतं, आणि हेच बरं.

दीपक पाय टाकून मधोमध गेला आणि तिथे उड्या मारल्या. कठडा गदागदा हलवून पाहिला. पलीकडे गेला, परत आला, आईकडे बघितलं. “तिकीट रद्द करतो,” एवढंच म्हणाला. मोठं बोचकं बांधून ठेवलं होतं, ते त्यानेच सोडलं. दोन दिवसांनी आपली पिशवी घेऊन साकवावरून एकटा थांब्यावर गेला.

पालखी सहाणेवर बसली आणि दुसऱ्याच सकाळी साकवाच्या दोन टोकांना दोन फलक लागले. रस्त्याकडच्या फलकावर होडीच्या साहेबांचा हसरा फोटो आणि ‘अथक पाठपुराव्याने’. वाडीकडच्या फलकावर रहाटाच्या साहेबांचा हसरा फोटो आणि ‘विशेष प्रयत्नांतून’. वाडीला त्याचं काही वाटलं नाही. उन्हाळ्यात रहाटाच्या फलकाने कोंबड्यांच्या खुराड्याला सावली केली, होडीचा फलक बाबल्याने लाकडांवर झाकायला नेला.

धाकूने मात्र त्या दिवशी लगेच लिहिलं, ‘पाठपुरावा : काम झाल्यावर रहाटवाल्यांनी त्याच्या पाठीमागून येणे.’ खाली तांबडं उत्तर आलं, ‘तुमचा फलक मोठा आहे. मी मोजला.’

तो होडीवालाच राहिला. माणूस एका साकवाने बदलत नाही, आणि बदलला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गौरवच्या साहेबांनी फळा काढायचं मनावर घेतलं नाही. त्यांना फोन करणारे पुष्कळ असतात. एक गोष्ट मात्र निराळी झाली. धाकू आता फळ्याच्या वरच्या निम्म्या भागातच लिहितो. खालची जागा मोकळी असते आणि बाकाच्या कडेला, पावसाची झड लागणार नाही अशा ठिकाणी, जांभ्याचा एक तुकडा ठेवलेला असतो.

आषाढात पऱ्या नेहमीसारखा फुगला. साकवाखालून गढूळ पाणी धडधडत जात होतं आणि त्यावरून गोदूबाई आल्या, डोक्यावर इरलं, त्यावर अळवाची पाटी, एक हात कठड्यावर. धाकू छपराखाली उभा राहून, फळा पाहतोय असं दाखवत, त्यांच्या पावलांकडे पाहत होता. त्या थांब्यावर पोचल्या, पाटी उतरवली आणि वाचायला लागल्या.

‘निष्ठावंत : जो होडीत बसला की उतरत नाही.’

“आज एवढंच?” त्या म्हणाल्या. “बरं नाय वाटत काय?”

“खाली जागा ठेवलीय.”

“मना जागा देणारा तू कोण?” असं म्हणत त्यांनी तुकडा उचलला. मनगट आता वळत होतं.

वळणावरून गाडी आली, थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. गोदूबाईंनी मागे वळून पाहिलंही नाही.

“थांब रे जरा,” त्या म्हणाल्या, “लिवतंय.”